सवलतीचा टक्का आणि मालाची खरी किंमत

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही ठाणे जिल्ह्यातील तीन शहरे लोहमार्गाने एकमेकांशी जोडलेली आहेत. १९४९ साली ज्याला आजचे नाव मिळाले ते उल्हासनगर कापड, तयार कपडे आणि फर्निचर यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. अंबरनाथ व बदलापूर येथे औद्योगिक वसाहती आहेत. या शहरांच्या भोवतालच्या गावांत खरिपातील भात हेच मुख्य पीक होय. पेरणीपूर्वी ताडपत्री, फवारणी पंप, पावसाळी पादत्राणे, मुलांचे कपडे इत्यादी वस्तू घेण्यासाठी गावकरी याच शहरांच्या बाजारात येत. अजूनही येतात, परंतु आता त्यांपैकी पुष्कळ खरेदी मोबाइलवरून, घरबसल्या होऊ लागली आहे. भिवंडीची मोठमोठी गोदामे जवळच असल्याने पार्सल गावात पोहोचण्यासही फारसा विलंब लागत नाही.

ही सोय चांगली आहे यात शंका नाही. दुकानात न मिळणारी वस्तू मिळते, अनेक विक्रेत्यांचे भाव एका जागी पाहता येतात आणि शहरात जाण्याचा खर्च व वेळ वाचतो. तथापि या बाजारात किंमत सांगण्याच्या काही पद्धती अशा आहेत की, त्यामुळे महाग वस्तू स्वस्त वाटते व नको असलेली वस्तू आवश्यक वाटू लागते. खरिपाच्या तोंडावर शेतकऱ्याच्या हाती असलेली रक्कम मर्यादित असते. ती अशा खरेदीत गुंतल्यास बियाणे किंवा मजुरी यांसाठी उसनवारी करावी लागते. सबब या पद्धती समजून घेणे अगत्याचे आहे.

छापील किंमत कोण ठरवितो?

“७० टक्के सूट” हे शब्द वाचल्यावर पहिला प्रश्न मनात यावयास हवा तो असा की, ही सूट कोणत्या किमतीवर? बहुतेक वेळा ती वेष्टनावरील कमाल किरकोळ किमतीवर, म्हणजे ज्याला आपण छापील किंमत म्हणतो तिच्यावर मोजलेली असते. सर्व करांसह कमाल किंमत वेष्टनावर छापण्याची पद्धत आपल्या देशात १९९० पासून रूढ झाली. ग्राहकाकडून त्याहून अधिक पैसे घेतले जाऊ नयेत हा तिचा हेतू होता आणि तो योग्यच आहे. १ जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन विक्रीतही ही किंमत पडद्यावर दाखविणे बंधनकारक झाले आहे.

परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. युरिया, कापसाचे बीटी बियाणे किंवा काही औषधे अशा थोड्या वस्तूंच्या किमतींवर शासनाचे नियंत्रण असते. बाकीच्या असंख्य वस्तूंची छापील किंमत उत्पादक, माल वेष्टनात भरणारा किंवा आयात करणारा स्वतःच ठरवितो. जी वस्तू ९०० रुपयांस विकावयाची आहे तिच्यावर ३,००० रुपये छापले, तर ती “७० टक्के सवलतीत” विकता येते. तीच वस्तू १,००० रुपये छापून विकली असती तर सवलत अवघी १० टक्के दिसली असती. दोन्ही प्रसंगी ग्राहकाच्या खिशातून ९०० रुपयेच गेले असते. म्हणजे सवलतीच्या टक्क्यावरून छापलेला आकडा किती मोठा आहे एवढेच कळते, वस्तूचे मोल कळत नाही.

गुरांच्या बाजारात बैलजोडीची किंमत सांगताना व्यापारी प्रथम मोठा आकडा बोलतो, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असते. तो आकडा ऐकून कोणी बैल घेत नाही. दात पाहून, चाल पाहून आणि बाजारात तशाच जोडीला काय मिळाले याची चौकशी करून मगच सौदा होतो. मोबाइलच्या पडद्यावर रेघ मारून खोडलेली किंमत ही व्यापाऱ्याच्या त्या पहिल्या बोलीसारखीच समजावी.

हळूहळू वाढणारी किंमत

दुसरी पद्धत अशी की, प्रथम कमी किंमत दाखवावयाची आणि खरेदी पूर्ण होईपर्यंत तीत एकेक शुल्क मिळवीत जावयाचे. घरपोच शुल्क, हाताळणी शुल्क, माल हाती आल्यावर रोख पैसे देण्याचे शुल्क, कर अशी भर पडत जाते. ग्राहकाने नाव-पत्ता भरलेला असतो, मन तयार झालेले असते, त्यामुळे अखेरचा वाढलेला आकडा तो निमूटपणे मान्य करतो. कायद्याच्या परिभाषेतील या प्रकाराच्या इंग्रजी नावाचा अर्थ “ठिबक किंमत” असा होतो. पाणी पिकाला ठिबकाने द्यावे हे योग्यच. किंमत मात्र ग्राहकाला एकदम सांगितली पाहिजे.

याचे एक उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. लहान मुलांच्या वस्तू विकणाऱ्या पुण्याच्या फर्स्टक्राय या ऑनलाइन व्यवसायाच्या चालक कंपनीस केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये २ लाख रुपये दंड केला. छापील किंमत सर्व करांसह असल्याचे दाखविले जात होते, परंतु सवलत दिल्यानंतरच्या किमतीवर वस्तू व सेवा कर पुन्हा निराळा आकारला जात होता. त्यामुळे २७ टक्के म्हणून दाखविलेली सवलत प्रत्यक्षात सुमारे १८.२ टक्केच पडत असल्याचे आढळले.

हा हिशेब कोणासही करून पाहता येईल. वस्तूची किंमत १०० रुपये धरली तर २७ टक्के सूट वजा जाता ७३ रुपये राहतात. त्यावर १२ टक्के दराने कर ८ रुपये ७६ पैसे. एकूण ८१ रुपये ७६ पैसे. म्हणजे खरी सूट १८ रुपये २४ पैसे. ग्राहकाला जे २७ रुपये वाचल्यासारखे वाटले, त्यांतील जवळजवळ ९ रुपये मागल्या दाराने परत गेले. एका वस्तूत ही रक्कम लहान दिसते, परंतु लाखो ग्राहकांच्या खरेदीत ती मोठी होते.

खोटी घाई

“फक्त आजच”, “शेवटचे दोन नग शिल्लक”, “दहा मिनिटांत सवलत संपेल” अशा सूचना आणि उलट चालणारे घड्याळ ही तिसरी युक्ती होय. विचार करण्यास व शेजाऱ्याला विचारण्यास वेळ मिळू नये हाच तिचा उद्देश असतो. दूरचित्रवाणीवरून व ऑनलाइन माल विकणाऱ्या नापतोल या कंपनीवर याच प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२२ मध्ये १० लाख रुपयांचा दंड बसविला. दिशाभूल करणाऱ्या जाहिराती व अनुचित व्यापारी प्रथा यांबद्दल ही कारवाई होती. आधी चित्रित केलेले कार्यक्रम पुन्हा पुन्हा दाखवून माल आताच मिळेल, नंतर मिळणार नाही असा आभास निर्माण करण्यात येत होता. अशी कृत्रिम टंचाई दाखविणे बंद करावे आणि कार्यक्रम आधी चित्रित केलेला आहे हे प्रेक्षकांस सांगावे, असा आदेश प्राधिकरणाने दिला.

शेतकऱ्यांच्या बाबतीत या घाईचा आणखी एक तोटा संभवतो. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनांत महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यानंतरच यंत्र खरेदी करावयाचे असते. पूर्वसंमतीपूर्वी केलेली खरेदी अनुदानास पात्र ठरत नाही. समजा, एका यंत्राची किंमत ६०,००० रुपये आहे व त्यावर ४० टक्के अनुदान मंजूर होण्यासारखे आहे. एखाद्या सणाच्या सेलमध्ये १० टक्के सूट पाहून शेतकऱ्याने ते घाईने घेतले, तर त्याचे ६,००० रुपये वाचतील, परंतु २४,००० रुपयांचे अनुदान हातचे जाईल. म्हणून “आजच घ्या” असे वाचताच यंत्राच्या बाबतीत तरी प्रथम कृषी कार्यालयात चौकशी करावी.

आकार व वजन यांतील फरक

किंमत तीच ठेवून मालाचे माप कमी करणे ही चौथी युक्ती. छायाचित्रात ताडपत्री मोठी दिसते, मापाचा आकडा खाली बारीक अक्षरांत असतो. पुढील काल्पनिक उदाहरण पाहावे.

ऑनलाइन ताडपत्री १२ बाय १५ फूट, म्हणजे १८० चौरस फूट. छापील किंमत ३,००० रुपये, ७० टक्के सूट जाता ९०० रुपये. घरपोच शुल्क ५० रुपये आणि रोख देण्याचे शुल्क ४० रुपये मिळून एकूण ९९० रुपये. एका चौरस फुटास ५ रुपये ५० पैसे.

दुकानातील ताडपत्री १२ बाय १८ फूट, म्हणजे २१६ चौरस फूट. सूट काहीच नाही. किंमत १,०८० रुपये. एका चौरस फुटास ५ रुपये.

पडद्यावरील ९०० व दुकानातील १,०८० हे आकडे शेजारी ठेवले तर ऑनलाइन माल १८० रुपयांनी स्वस्त वाटतो. माप व शुल्क हिशेबात घेतल्यावर तोच महाग ठरतो. अर्थात ही तुलना करताना ताडपत्रीची जाडी, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम वजन आहे, हेही दोन्हींत सारखे असले पाहिजे. फवारणी पंपाच्या बाबतीत टाकीची क्षमता, बॅटरीची ताकद आणि दुरुस्तीची सोय जवळ आहे काय, हे पाहावे. ऐन फवारणीत पंप बंद पडून तो परत पाठविण्यात आठवडा गेला, तर किमतीत वाचलेले पैसे किडीने खाल्लेल्या पिकात जातात.

बियाणे व कीटकनाशके यांच्या खरेदीत तर किंमत ही दुय्यम बाब समजावी. नोव्हेंबर २०२२ पासून परवानाधारक विक्रेत्यांना कीटकनाशके ऑनलाइन विकण्याची मुभा आहे, आणि विक्रेत्याचा परवाना तपासण्याची जबाबदारी विक्रीच्या संकेतस्थळावर टाकलेली आहे. बियाणे विकण्यासही परवाना लागतो. परवाना क्रमांक, पावती आणि लॉट क्रमांक नसलेला माल कितीही सवलतीत मिळाला तरी घेऊ नये. बियाणे न उगवल्यास तक्रारीसाठी पावती, पिशवी, तिच्यावरील खूणचिठ्ठी व थोडे शिल्लक बियाणे यांचीच गरज पडते.

कायदा काय सांगतो?

वस्तू सामान्यतः ज्या किमतीस विकली जाते त्या किमतीविषयी लोकांची दिशाभूल करणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. हे तत्त्व १९८४ मध्ये मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा कायद्यात आले आणि आज ते ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये आहे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार विक्रेत्याने एकूण किंमत एकाच आकड्यात दाखवून तिची फोड द्यावयाची असते. ग्राहकाच्या तक्रारीची पोच संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत द्यावयाची व एका महिन्यात तिचे निवारण करावयाचे असते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांत खोटी घाई, ग्राहकाच्या संमतीवाचून यादीत वस्तू घालणे, किंमत हळूहळू उघड करणे इत्यादी १३ फसव्या प्रकारांना मनाई करण्यात आली आहे.

युरोपीय संघाच्या देशांत मे २०२२ पासून असा नियम लागू झाला की, सवलत जाहीर करताना मागील किमान ३० दिवसांतील सर्वांत कमी किंमत सांगावी व सूट तिच्यावरून मोजावी. आपल्याकडे सूट बहुधा छापील किमतीवरूनच मोजली जाते. म्हणून मागील भावाची नोंद ग्राहकाने स्वतः ठेवणे हाच सध्या उत्तम उपाय होय.

विक्री करणाऱ्या शेतकऱ्यांसाठी

या भागातील शेतकरी व महिला बचत गट हे आता केवळ ग्राहक राहिलेले नाहीत. भातकाप्यांचा तांदूळ, पापड, मसाले आणि ज्याला भौगोलिक मानांकन लाभले आहे ते बदलापूरचे जांभूळ व त्यापासूनचे पदार्थ ऑनलाइन विकण्याकडे त्यांचा कल वाढत आहे. अशा वेळी सवलतीची दुसरी बाजू त्यांना दिसते.

समजा, तांदळाचे ५ किलोचे पाकीट आहे. शेतकऱ्यास किलोस ६० रुपये मिळावयास हवेत, म्हणजे ३०० रुपये. पिशवी व पेटी २५ रुपये, वाहतूक ७० रुपये, परत येणाऱ्या मालाची तरतूद १० रुपये. एकूण ४०५ रुपये. संकेतस्थळाचे कमिशन विक्री किमतीच्या १० टक्के धरले तर विक्रीची किंमत ४५० रुपये ठेवावी लागते. आता सणाच्या सेलमध्ये २० टक्के सूट द्यावयाचे ठरले आणि तिचा भार विक्रेत्यावर पडला, तर किंमत ३६० रुपये होईल. त्यातून कमिशन ३६ व इतर खर्च १०५ रुपये वजा जाता हाती २१९ रुपये, म्हणजे किलोस केवळ ४३ रुपये ८० पैसे उरतील.

हे नुकसान टाळण्यासाठी पाकिटावर ५६५ रुपये छापावेत आणि मग २० टक्के सूट दाखवावी, असा सल्ला देणारे भेटतात. तो मार्ग स्वीकारू नये. जी किंमत कधी आकारावयाचीच नव्हती ती ग्राहकाला नेहमीची म्हणून दाखविणे हीच वर सांगितलेली दिशाभूल आहे. शिवाय जो ग्राहक सवलत पाहून आला तो अधिक सवलत दिसताच दुसरीकडे जातो. याउलट तांदळाचे वाण, काढणीचा हंगाम, निव्वळ वजन व दर किलोची किंमत स्पष्ट छापून एकच भाव ठेवणारा विक्रेता ग्राहक टिकवू शकतो. सेलमध्ये भाग घेण्यापूर्वी सूट कोणाच्या पदरची आहे हे करारात वाचावे आणि वरीलप्रमाणे हातात काय उरते याचा हिशेब आधी कागदावर मांडावा.

खरेदीपूर्वी पाहावयाच्या गोष्टी

१. खोडलेली किंमत व टक्का यांकडे दुर्लक्ष करून अखेरची, घरपोच किंमत पाहावी.

२. ती किंमत किलो, लिटर, मीटर किंवा चौरस फूट यांवर काढून स्थानिक दुकानातील भावाशी ताडून पाहावी.

३. पैसे भरण्यापूर्वी यादी वाचावी. न मागितलेली वस्तू, विमा, देणगी किंवा सभासद वर्गणी आपोआप घातलेली आढळल्यास काढून टाकावी.

४. विक्रेत्याचे नाव व पत्ता, माल परत घेण्याची अट आणि परत पाठविण्याचा खर्च कोणाचा, हे पाहावे.

५. मोठी खरेदी एक रात्र पुढे ढकलावी. “आज संपणारी” सवलत उद्याही दिसली तर घाई खोटी होती हे उघड होते.

६. किमतीच्या पडद्याचे छायाचित्र, पावती व पार्सल उघडतानाचे चित्रण जपून ठेवावे.

फसवणूक झाल्यास प्रथम संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ वर कळवावे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते. ग्राहक जेथे राहतो त्याच जिल्ह्यात ती करता येत असल्याने उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरच्या रहिवाशास विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही. ठाणे जिल्ह्याच्या आयोगाकडे त्याला दाद मागता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क नाही. नामांकित संकेतस्थळाची नक्कल करून पैसेच लुबाडले गेले असतील, तर मात्र वेळ न दवडता १९३० या सायबर गुन्हे साहाय्य क्रमांकावर कळवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

हा विषय केवळ भाषणाने समजणारा नाही. कार्यकर्त्यांनी गावच्या बैठकीत एखादी सर्वांच्या परिचयाची वस्तू निवडावी. उदाहरणार्थ, ताडपत्री किंवा फवारणी पंप. तिची पडद्यावरील किंमत, सर्व शुल्कांसह घरपोच किंमत आणि उल्हासनगर अथवा बदलापूरच्या दुकानातील किंमत फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दर मापाचा भाव गावकऱ्यांकडूनच काढून घ्यावा. शाळेत जाणारी मुले हे गणित उत्साहाने करतात व घरी मोबाइलही बहुधा तीच हाताळतात, म्हणून त्यांना अवश्य बोलवावे.

खरिपापूर्वी दहा-बारा गरजेच्या वस्तूंचे चालू भाव तारखेसह ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत व दर पंधरा दिवसांनी ते बदलावेत. दिवाळीच्या सुमारास सवलतींचा पूर येतो तेव्हा हीच यादी उपयोगी पडेल. जूनमधील भाव फलकावर लिहिलेला असेल, तर ऑक्टोबरमधील सूट खरी की नुसती छापलेली, हे गावातील कोणासही वाचून सांगता येईल.